ग्रुप सुटला की गायक नाटकात का जातात? सेऊलपासून पुण्यापर्यंतची एक जुनी गोष्ट

मध्यंतरी सुप्याला बहिणीकडे गेलो होतो. भाची अकरावीला आहे. कानात हेडफोन, हातात मोबाईल आणि डोळे रडून लाल. मला वाटलं घरात काहीतरी झालं. तर कळलं की तिची आवडती कोरियन गायिका ग्रुपपासून वेगळी होऊन एकटीचा अल्बम काढतेय आणि पुढे एका म्युझिकलमध्ये, म्हणजे संगीत नाटकात, काम करणार आहे.

"मामा, संपलं तिचं करिअर. नाटकात कोण जातं? ज्यांचं काही चालत नाही ते जातात."

मी म्हटलं, "बाई गं, तुझ्या पणजीच्या काळात महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा स्टार नाटकातच असायचा." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे बोललोच नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला. ग्रुपमधला गायक आधी एकटा गातो आणि मग संगीत नाटकाकडे वळतो, असं का होत असेल? आणि आपल्याकडे असं कधी झालं होतं का?

झालं होतं. त्याची गोष्ट पुढे सांगतोच, पण आधी कोरियात काय घडतं ते बघू. नाहीतर भाची म्हणायची, मामाला काही माहीतच नाही.

कोरियातला हिशोब

के-पॉपचा ग्रुप म्हणजे चार मित्रांनी गॅरेजमध्ये सुरू केलेला बँड नव्हे. कंपनी दहा-बारा-पंधरा वर्षांची मुलं निवडते, त्यांना काही वर्षं गाणं, नाच, भाषा शिकवते आणि त्यातली मोजकी निवडून ग्रुप बनवते. राहणं, खाणं, कपडे, केस सगळं कंपनीचं. बदल्यात करारही कंपनीचा.

हा करार किती मोठा असावा यावरून २००९ साली मोठं भांडण झालं. टीव्हीएक्सक्यू नावाचा पाच मुलांचा ग्रुप तेव्हा आशियात गाजत होता. त्यातले तिघं, जेजुंग, युचुन आणि जुन्सू, कंपनीविरुद्ध कोर्टात गेले. त्यांचा करार तेरा वर्षांचा होता. कोर्टाने त्यांना स्वतंत्रपणे काम करायला तात्पुरती मोकळीक दिली. त्याच वर्षी तिथल्या सरकारी आयोगाने नमुना करार काढून मुदत सात वर्षांवर आणली. आज फॅन लोक ज्याला 'सात वर्षांचा शाप' म्हणतात, म्हणजे सातव्या वर्षी ग्रुप फुटतात म्हणतात ना, तो शाप वगैरे काही नाही. तो करार संपायचा दिवस असतो.

तिघं बाहेर तर पडले, पण टीव्हीवरच्या संगीताच्या कार्यक्रमांत त्यांना कुणी बोलवेना. गाणं आहे, चाहते आहेत, पण गायला जागा नाही. अशा वेळी जानेवारी २०१० मध्ये जुन्सू सेऊलच्या सेजोंग सेंटरमध्ये 'मोझार्ट!' या व्हिएन्नाहून आलेल्या संगीत नाटकात नायक म्हणून उभा राहिला. थिएटर सुमारे तीन हजार खुर्च्यांचं. त्याच्या प्रयोगांची तिकिटं हां हां म्हणता संपली. नंतर 'एलिझाबेथ', 'ड्रॅक्युला', 'डेथ नोट' अशी रांगच लागली. मधे २०१२ साली एकट्याचा अल्बमही आला. टीव्हीने दार लावलं तर त्याने रंगमंचाचं उघडलं, इतकी साधी गोष्ट आहे.

पण तो पहिला नव्हता. त्याच्याआधी ओक जू-ह्युन होती. १९९८ साली आलेल्या फिन.के.एल. या चार मुलींच्या ग्रुपमधली मुख्य आवाजाची गायिका. ग्रुप थंडावल्यावर तिने एकटीचे अल्बम काढले आणि २००५ साली 'आयडा' या संगीत नाटकात आली. तेव्हा नाटकवाल्यांनी नाकं मुरडली, 'आयडॉल आहे, तिकिटं खपवायला आणली' म्हणाले. आज ती कोरियन संगीत नाटकातल्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक आहे.

यामागचं गणित समजायला सोपं आहे. पाच जणांचा ग्रुप असेल तर तीन मिनिटांच्या गाण्यात एकेकाच्या वाट्याला किती सेकंद येतात ते मोजा. उरलेला वेळ नाच आणि मागे उभं राहणं. संगीत नाटकात तोच गायक अडीच-तीन तास लोकांसमोर थेट गातो. आवाज आहे की नाही ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं. शिवाय वय आड येत नाही. पस्तिशीतला आयडॉल कुणाला नको असतो, पण पस्तिशीतला नायक नाटकाला हवाच असतो.

आणखी एक पद्धत तिथे आहे. एकाच भूमिकेसाठी दोन-तीन कलाकार ठरवलेले असतात आणि ते आळीपाळीने प्रयोग करतात. त्यामुळे चाहते 'अमक्याचा प्रयोग कधी' हे बघून तिकीट काढतात आणि एकच नाटक दहा-दहा वेळा बघतात. तिथे अशा प्रेक्षकाला 'फिरत्या दाराचा प्रेक्षक' म्हणतात. या दाराने बाहेर पडला की त्या दाराने परत आत.

आता हे वाचताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. तो म्हणेल, यात नवीन काय? 'एकच प्याला' आमच्या आजोबांनी किती वेळा बघितलं याची गणती नव्हती.

आपली कंपनी, आपले ट्रेनी

३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला, दोन वर्षांनी 'सौभद्र' आलं, आणि महाराष्ट्राला संगीत नाटकाचं वेड लागलं. पुढची पन्नास वर्षं नाटक मंडळी म्हणजे आजच्या भाषेत मनोरंजन कंपनीच. चांगल्या गळ्याचा मुलगा दिसला की मंडळी त्याला घेऊन जायची. जेवण, राहणं, तालीम सगळं मंडळीत. गावोगाव मुक्काम. बायका नाटकात नसायच्या, म्हणून कोवळ्या आवाजाची मुलंच नायिका व्हायची.

नारायण श्रीपाद राजहंस हा असाच मुलगा १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आला. त्यालाच आपण बालगंधर्व म्हणतो. १२ मार्च १९११ ला 'मानापमान'चा पहिला प्रयोग झाला, त्या दिवशी त्यांची लहान मुलगी वारली होती. तरी प्रयोग झाला. त्यांच्या निष्ठेचं उदाहरण म्हणून हा प्रसंग नेहमी सांगतात. मला तो दरवेळी अंगावर काटा आणतो आणि थोडा रागही. त्या दिवशी 'आज पडदा वर जाणार नाही' असं सांगणारं कुणी नव्हतं का?

दोनच वर्षांनी, १९१३ साली, बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि 'मानापमान'चे संगीतकार गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. तीन माणसं मोठी कंपनी सोडतात, चाहते दोन तट करून भांडतात, जुनी कंपनी हादरते. टीव्हीएक्सक्यूची गोष्ट आठवली ना? फरक इतकाच की इथे कोर्टाऐवजी वर्तमानपत्रांत आणि चहाच्या टेबलावर निकाल लागायचा.

केशवराव भोसल्यांचं त्याहून धाडसी. कोल्हापूरचा मुलगा, स्वदेश हितचिंतक मंडळीत 'शारदा'ची भूमिका करून गाजलेला. १ जानेवारी १९०८ ला हुबळीत त्यांनी स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली, तेव्हा वय होतं सतरा. सतरा! माझ्या भाचीएवढं. पुढे ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन स्टार एका नाटकात, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. आज ज्याला कोलॅब म्हणतात तो शंभर वर्षांपूर्वीचा कोलॅब. तीन महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय ३१. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचं जे नाट्यगृह जळताना तुम्ही रील्समध्ये बघितलं, ते त्यांच्याच नावाचं. आग लागली तो दिवस ८ ऑगस्ट, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती होती.

पण या सगळ्यात एक गोष्ट राहून जाते. हे सगळे पुरुष. भामिनी पुरुष, शारदा पुरुष, सुभद्रा पुरुष. गाणाऱ्या बाईचं काय?

चौफुल्याचा रस्ता

सुप्यातून चौफुल्याकडे जाणारा रस्ता सगळ्यांच्या पायाखालचा. मोरगावला जाणारे गणपतीचे भक्त याच रस्त्याने येतात. त्याच चौफुल्याला, पुणे-सोलापूर महामार्गालगत, कला केंद्रं आहेत. तिथे संगीत बारी चालते. बारी म्हणजे पाळी. एका थिएटरात चार-सहा पार्ट्या असतात, प्रत्येकीची मालकीण वेगळी, पेटी-ढोलकी-तबल्याची माणसं वेगळी, आणि प्रत्येक पार्टीला रंगमंचावर आपली बारी मिळते. नंतर हौशी माणसं आपल्या पसंतीच्या पार्टीची बैठक लावतात.

आमच्या भागात या रस्त्याचं नाव घेताना माणसं आवाज खाली करतात. लावणी मोबाईलवर सगळ्यांना चालते, लग्नाच्या वरातीत चालते, पण ती गाणारी बाई घराच्या ओट्यावर चालत नाही. सुरेखा पुणेकर यांनी 'नटरंगी नार' हा स्वतःच्या नावावर चालणारा तिकिटाचा कार्यक्रम मोठ्या नाट्यगृहांत नेला आणि बायकांनाही लावणी बघायला बसवलं, त्याचं महत्त्व इथून कळतं. पार्टीतली एक असणं वेगळं आणि तिकिटावर स्वतःचं नाव असणं वेगळं.

शंभर वर्षांपूर्वी शास्त्रीय गाण्यातही असंच होतं. बाई गायची ती कुणाच्या तरी दिवाणखान्यात, कुणाच्या तरी बोलावण्यावर, आणि ऐकायला पुरुष. ज्या घरांत मुली गाणं शिकायच्या ती घरं ठरलेली होती. बाकीच्या घरांत मुलीने गुणगुणलं तरी आई दटावायची. हा दिवाणखाना सोडून हॉलमध्ये आलेली बाई म्हणजे हिराबाई बडोदेकर.

हिराबाई: तिकीट लावून गाणारी बाई

हिराबाईंचा जन्म १९०५ सालचा, मिरजेचा. वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ. आई ताराबाई माने, बडोद्याच्या राजघराण्याच्या नात्यातली. खाँसाहेब बडोदा दरबारात गवई होते. तिथे दोघांचं जमलं आणि दोघांनी बडोदा सोडलं. पाच मुलं झाली आणि पाचही गाणारी. आजच्या भाषेत घरातच ग्रुप तयार.

मग घर फुटलं. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमानचा सुरेशबाबू माने झाला, चंपाकलीची हिराबाई, सकीनाची सरस्वती. बडोद्याच्या आठवणीने मुलींचं आडनाव बडोदेकर. विचार करा, किशोरवयाची मुलगी, वडील देशात नावाजलेले, आणि ती आता त्यांचं नावही लावत नाही. गाणं मात्र त्यांच्याच घराण्याचं. ते शिकवायला पुढे आले थोरले बंधू सुरेशबाबू आणि किराण्याचेच उस्ताद अब्दुल वहीद खाँ. वहीद खाँना कमी ऐकू यायचं म्हणून लोक त्यांना बहिरे वहीद खाँ म्हणायचे. एक राग तासन्‌तास, सावकाश, सूर एकेक करून उलगडायचा, ही त्यांची शिस्त. हिराबाईंच्या गाण्यातला तो निवांतपणा तिथून आला.

१९२१ साली पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी मुंबईत गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परिषदेत हिराबाईंना गायला बसवलं. वय सोळाच्या आसपास. समोर देशभरातले गवई. त्यानंतर काही वर्षांतच त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफिली सुरू केल्या. असं करणारी पहिली स्त्री गायिका म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

तिकीट लावणं ही आज आपल्याला व्यवहाराची गोष्ट वाटते. तेव्हा ती सामाजिक गोष्ट होती. तिकीट असलं की कुणी यजमान नसतो. पैसे फेकणारा, फर्माईश करणारा, पान पुढे करणारा नसतो. आठ आणे दिले की कारकूनही बसतो, मास्तरही बसतो, आणि त्यांच्या बायकाही. हिराबाई गाताना हातवारे, अदाकारी टाळायच्या. साधी साडी, मान खाली, तानपुरा आणि सूर. लोकांना पहिल्यांदा असं दिसलं की बाई गाते तेव्हा ऐकायचं असतं, बघायचं नसतं. मग हळूहळू मध्यमवर्गातल्या घरांत मुलींसाठी पेटी आली, गाण्याचे मास्तर आले.

मला विचाराल तर या साधेपणाची एक किंमतही होती. प्रतिष्ठा मिळाली ती 'आम्ही त्या बायकांसारख्या नाही' असं दाखवून. अदा करून गाणाऱ्या कलावंतिणी त्यामुळे आणखी बाहेर ढकलल्या गेल्या. यात हिराबाईंचा दोष नाही, समाजाची अटच तशी होती. पण चौफुल्याच्या रस्त्यावर आजही जो आवाज खाली येतो, त्याची एक मुळी इथेही सापडते.

आणि मग नाटक

आता इथे गोष्ट वळण घेते. मैफिली चालल्यात, ग्रामोफोनच्या रेकॉर्डी निघतायत, नाव होतंय. अशा वेळी १९२९ साली ताराबाईंनी आपल्या नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा काढली. भाऊ-बहिणी सगळे त्यात उतरले. हिराबाई 'सौभद्र'मध्ये सुभद्रा झाल्या.

आज वाटेल, सुभद्रेची भूमिका बाईने केली यात काय विशेष? पण आठवा, तोवर सुभद्रा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर शालू नेसलेले बालगंधर्व यायचे. लुगडं कसं नेसावं, अंबाडा कसा घालावा हे घरंदाज बायका बालगंधर्वांना बघून शिकत, असं सांगतात. बाई कशी दिसावी हे पुरुषाने ठरवलेल्या मंचावर खरी बाई उभी राहिली, शेजारी पुरुष नटांबरोबर. प्रेक्षकांना सवय व्हायला वेळ लागणारच. काहींना ते रुचलं, काहींनी 'गाणं उत्तम, पण बालगंधर्व ते बालगंधर्व' म्हटलं. ओक जू-ह्युनला जे ऐकावं लागलं त्याच्या उलट बाजूचं.

वेळही वाईट निवडली गेली. १९३१ ला 'आलम आरा' आला, १९३२ ला प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. चार आण्यांत गाणारा, बोलणारा सिनेमा. नाटक मंडळी म्हणजे पन्नास-साठ माणसांचं बिऱ्हाड. पडदे, पोशाख, रेल्वेच्या वॅगनी, मुक्कामाला रोजच्या दोन पंगती. प्रयोग होवो न होवो, चूल पेटवावीच लागायची. एकेक मंडळी बसत गेली. खुद्द बालगंधर्व कर्जात बुडाले आणि १९३५ ला प्रभातच्या 'धर्मात्मा'त काम करायला गेले. हिराबाईंच्या घरची मंडळीही तगली नाही. तीन-चार वर्षांत बंद झाली आणि मागे उरलं कर्ज.

ते फिटलं मैफिलींतून. म्हणजे नाटकासाठी घेतलेलं ओझं एकटीच्या गाण्याने उतरवलं. गावोगाव कार्यक्रम, रेकॉर्डिंग, रेडिओ, मधे 'प्रतिभा'सारखा सिनेमाही. जुन्सूच्या बाबतीत नाटकाने एकट्याच्या गाण्याला जगवलं, इथे एकटीच्या गाण्याने नाटकाचे पैसे फेडले.

आणि तरी नाटक फुकट गेलं असं म्हणता येत नाही. हिराबाई मैफिलीत ख्याल झाल्यावर नाट्यपद गायच्या, तेव्हा हॉलमधला शेवटच्या रांगेतला माणूसही पुढे सरकून बसायचा. ख्याल कळणारे थोडे, नाट्यपद कळणारे सगळे. धाकट्या बहिणीबरोबर, सरस्वतीबाई राण्यांबरोबर, त्यांनी जुगलबंदीही केली. दोन बायकांनी मिळून शास्त्रीय गाणं गायची ती सुरुवात मानतात. सरस्वतीबाई तर 'रामराज्य' या १९४३ च्या सिनेमातल्या गाण्याने घराघरांत गेल्या. १९६५ साली हिराबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० ला पद्मभूषण मिळालं. २० नोव्हेंबर १९८९ ला त्या गेल्या. त्यांची आणि सुरेशबाबूंची शिष्या म्हणजे प्रभा अत्रे. त्यांनीही तरुणपणी संगीत नाटकांत भूमिका केल्या होत्या, हे फार थोड्यांना माहीत असतं.

पॉप म्हणाल तर भावगीत

भाची इथे म्हणेल, मामा, हे शास्त्रीय झालं, पॉप कुठाय? बरोबर आहे. त्या काळचं मराठी पॉप म्हणजे भावगीत. रेकॉर्डवर मावेल एवढं, म्हणजे साधारण तीन मिनिटांचं, सोप्या चालीचं, आपल्या मनातलं वाटेल असं गाणं.

ते गाणाऱ्यांत ज्योत्स्ना भोळे होत्या. गोव्यातल्या बांदिवड्याच्या, १९१४ सालच्या, माहेरच्या दुर्गा केळेकर. नवरा केशवराव भोळे, पुढे प्रभातच्या 'संत तुकाराम'चे संगीतकार. १ जुलै १९३३ ला मुंबईत नाट्यमन्वंतर संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केलं. नॉर्वेच्या एका नाटकावरून घेतलेलं. पौराणिक काही नाही, रात्रभर चालणारं नाही. आजच्यासारखा बैठकीचा हॉल, आजच्यासारखी माणसं. त्यात ज्योत्स्नाबाईंची भूमिका होती आणि गाणी होती, पण मोजकी आणि आटोपशीर. वन्स मोअरवर वन्स मोअर घेत एकच पद पाऊण तास चालवायची जुनी रीत तिथे नव्हती. भावगीताचा गळा नाटकात आला आणि नाटकाचं गाणंच लहान झालं.

नाट्यमन्वंतरही फार चाललं नाही. पण २२ ऑगस्ट १९४२ ला मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने 'कुलवधू' आणलं. संगीत मास्टर कृष्णरावांचं. तारीख बघा, 'चले जाव'चा ठराव होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. अशा दिवसांत हे नाटक चाललं, आणि असं चाललं की संगीत नाटक मेलं म्हणणारे गप्प झाले. नायिका भानुमती स्वतः नटी आहे, कमावती आहे, आणि घरात तेच सलतंय. ती भूमिका करणारी बाईही प्रत्यक्षात गाणारी, कमावती, लग्न झालेली. प्रेक्षकांतल्या बायकांना त्यात काय दिसलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

मग आता?

आता असं होतं का? होतं, पण बातमी होत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबईच्या एनसीपीएत फिरोज अब्बास खान यांनी 'मुघल-ए-आझम' हे भव्य संगीत नाटक आणलं. त्यातली अनारकली झाली पुण्याची गायिका प्रियांका बर्वे, मराठी सिनेमांची पार्श्वगायिका. भूमिका तिच्यात आणि नेहा सरगममध्ये वाटलेली, सेऊलसारखी आळीपाळीने. मंचावर कथकचा ताफा आणि नायिका थेट गातेय. नाटक पुढे अमेरिकेपर्यंत गेलं. प्रियांकाची आजी मालती पांडे-बर्वे, म्हणजे भावगीतांच्या त्याच पिढीतला आवाज. आजी रेकॉर्डवर, नात रंगमंचावर.

मराठीत 'संगीत देवबाभळी'ने दोन गाणाऱ्या बायकांच्या जिवावर हाऊसफुल्लचे बोर्ड लावले, तेही आवलीची आणि रखुमाईची गोष्ट घेऊन. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ चं नाटक, राहुल देशपांडेंनी पुन्हा रंगमंचावर आणलं आणि २०१५ ला सिनेमा झाल्यावर कॉलेजची मुलं मूळ नाटक शोधायला लागली. पण ही तुरळक उदाहरणं आहेत. कोरियात २००१ साली 'फँटम ऑफ द ऑपेरा' कोरियन भाषेत उभं राहिलं, त्यानंतर मोठी थिएटरं, मोठे निर्माते आणि महिनोन्‌महिने एकाच जागी चालणारे प्रयोग अशी घडीच बसली. आपल्याकडे आजही चांगला गायक रिअ‍ॅलिटी शोमधून निघाला की त्याला दिसतात लग्नाचे इव्हेंट आणि गणपतीतले ऑर्केस्ट्रा. रोज रात्री एकाच थिएटरात गायची नोकरी त्याला देणारं कुणी नाही. वाद्यवृंद घेऊन दौरा करायचा तर डिझेलपासून हिशोब सुरू होतो. हिराबाईंच्या मंडळीला जी चूल रोज पेटवावी लागायची, ती अजून तशीच आहे.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं. तिने मधेच दोनदा "हं" केलं, म्हणजे ऐकत होती. मग मी तिला यूट्यूबवरची हिराबाईंची एक जुनी रेकॉर्ड पाठवली. खरखर आहे, पण आवाज स्पष्ट आहे, शेवटी हिराबाई स्वतःच आपलं नाव सांगतात अशा जुन्या रेकॉर्डींसारखं काही आहे का ते ती शोधत बसली. दहा मिनिटांनी तिचा मेसेज आला.

"मामा, तीनच मिनिटांत संपलं. पूर्ण कुठे मिळेल?"

मी तिला सांगितलं, पूर्ण एवढंच. तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावायचं. तासभर ऐकायचं तर तिकीट काढून हॉलमध्ये जावं लागायचं.

"मग काढलं असतं," ती म्हणाली.